ती एक ओळ पप्पा म्हणायचे नाहीत

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत दुःखावरचा लेख आला होता, त्यात श्रद्धा असलेली माणसं लवकर सावरतात असं एक वाक्य होतं. लेख छान होता, वाद घालायला लिहीत नाहीये, पण त्या 'लवकर' शब्दाशी मी अडकलो तो अडकलोच. आम्ही ख्रिस्ती. घरात रोज संध्याकाळी प्रार्थना, रविवारची उपासना चुकत नाही, पप्पा तर चर्चमध्ये 'वडील', म्हणजे मंडळीचे जबाबदार ज्येष्ठ म्हणून काम बघायचे. तरी आम्ही लवकर बिवर काही सावरलो नाही.

माझा धाकटा भाऊ 36 वर्षांचा होता. सकाळी फोनवर बोललो, माझ्याकडून नेलेली ड्रिल मशीन परत दे म्हणून मी त्याच्यावर चिडलो होतो, आणि दुपारी तो नव्हता. बस, एवढंच. त्यानंतर घरात माणसांची रीघ लागली आणि प्रत्येकाकडे एक तयार वाक्य. प्रभूची योजना असते, देव चांगली फुलं आधी खुडतो, रडू नका तो प्रभूकडे आहे. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं हे कळतं हो, गप्प बसवत नाही माणसाला एवढंच. बायबलमध्ये ईयोब म्हणून एक भला माणूस आहे, त्याच्यावर दुःखाचे डोंगर कोसळतात. त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक अक्षर बोलले नाहीत, आणि माझ्या मते त्यांनी केलेलं तेवढंच एक चांगलं काम. नंतर तोंड उघडलं आणि सगळा घोळ केला. शेवटी ईयोबाच्या पुस्तकाच्या 42 व्या अध्यायात देव रागावतो तो त्या मित्रांवर, देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांवर! आरडाओरडा करणाऱ्या ईयोबाबद्दल म्हणतो की हा माझ्याविषयी नीट बोलला.

आता मुद्द्याचं सांगतो. प्रार्थनेत शेवटी आम्ही सगळे मिळून प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना म्हणतो, सुरुवात पप्पांची, आवाज दणदणीत. भाऊ गेल्यावर चारेक दिवसांनी पुन्हा बसलो. हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो, तुझे राज्य येवो, इथपर्यंत पप्पा नीट आले आणि पुढे 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' तिथे गप्प. त्यांच्या बायबलच्या कव्हरचं रेक्झिन एका कोपऱ्यात निघालंय, तिथे त्यांचा अंगठा नुसता फिरत होता. आम्हीही थांबलो, काय करावं कुणाला सुचेना, मग आईने एकटीने ती ओळ म्हटली आणि 'आमची रोजची भाकर'ला पप्पा परत सामील झाले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच, महिनेच्या महिने तेच. घरात यावर कोणी एक शब्द काढला नाही.

खरं सांगू, मला आधी राग आला. आयुष्यभर आम्हाला शिकवलं आणि आता स्वतःच अडले, असं वाटलं. आमच्या पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, एकदा गाडीपर्यंत सोडायला गेलो तेव्हा न राहवून बोललो. ते म्हणाले, ही ओळ प्रभूने शिष्यांना शिकवली ती कुठे आणि स्वतः म्हटली ती कुठे, आठवतंय? शिकवली डोंगरावर. स्वतः म्हटली क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत, तीही आधी हा दुःखाचा प्याला टळून जावो असं मागून, आणि तीन वेळा जाऊन तीच प्रार्थना करून. तुझे पप्पा अजून पहिल्याच फेरीत आहेत, बसू दे त्यांना. गाडी निघून गेली तरी मी तिथेच उभा होतो.

आईचं वेगळं. ती ओळ म्हणायची पण नंतर स्वयंपाकघरात देवाशी सरळ भांडायची, तू कुठे होतास त्या दुपारी म्हणून. मला ते बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातल्या 11 व्या अध्यायातल्या मार्था आणि मरीयेसारखं वाटायचं, त्यांचा भाऊ लाजर मेलेला असतो आणि येशू उशिरा पोहोचतो. प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता, असं दोघी बहिणी अगदी तेच म्हणतात. यातलं मी आधी कधी नीट बघितलंच नव्हतं ते असं, की लाजराला आपण उठवणार हे येशूला माहीत होतं, तरी तो रडला. पाच मिनिटांत सगळं ठीक होणार होतं, रडायची गरज काय होती? पण रडला. आशा आहे म्हणून रडू नका म्हणणाऱ्यांनी हे वचन एकदा वाचावं, दोनच शब्दांचं आहे.

आणि मग भावाची मुलगी. सात वर्षांची, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. एकदा आमेन झाल्या झाल्या म्हणाली, आजोबा, तुम्ही रोज एक ओळ विसरता. सगळे चिडीचूप. पप्पा म्हणाले, विसरत नाही गं, ती तू म्हण, माझ्या वाटचीपण म्हण. तिने ते एवढं मनावर घेतलं की दुसऱ्या दिवसापासून ती ओळ आली की पोरगी जवळजवळ ओरडतेच, शेजारच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चार जण एका पक्षाघाती माणसाला छप्पर उघडून खाली सोडतात, तिथे येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला असं लिहिलंय, त्यांचा, म्हणजे उचलून आणणाऱ्यांचाही. मी हे लहानपणापासून ऐकत आलो पण आमच्याच घरात घडताना दिसलं तेव्हा कुठे कळलं की एखाद्याला विश्वास झेपेना तर तो दुसऱ्यांनी उचलायचा असतो, मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, कशाला असतात नाहीतर.

म्हणून विनंती एवढीच, पुन्हा या विषयावर लेख छापाल तेव्हा तो 'लवकर' तेवढा काढा. आमच्यासारख्या घरांत तो शब्द वाचून माणसाला वाटतं आपल्याच श्रद्धेत खोट आहे.

पप्पा आता म्हणतात का ती ओळ? तीन वर्षं होत आली. कधीकधी ओठ हलतात असं आई म्हणते, मी बघत नाही, डोळे मिटलेले असतात. पोरगी मात्र अजून ओरडूनच म्हणते.

आपला,
एक जुना वाचक