ताप उतरला तरी मच्छरदाणी सोडू नका

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
सा. न.

फोनवर बाबांचं एकच पालुपद चाललं होतं: ताप गेला, जेवण जातंय, आता मच्छरदाणीत कशाला कोंडता? त्यात आईनं सांगितलं, की मलेरियाच्या औषधातल्या दुसऱ्या दिवशीच्या प्रायमाक्विनच्या गोळ्या अजून कोनाड्यातच आहेत. फोनवर आपला आवाज चढतो, म्हणून लिहिते. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव. चष्मा सापडत नाही ही सबब चालायची नाही.

बाबा, तुमच्या रक्ततपासणीच्या पट्टीवर फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा एक परजीवी, निघाला. हा परजीवी लाल पेशीत शिरतो, वाढतो, साधारण 48 तासांनी पेशी फोडून बाहेर पडतो आणि नव्या पेशी धरतो. पेशी फुटतात तेव्हा हुडहुडी भरते, ताप चढतो. पण दर फेरीत त्यातले थोडे ही वाट सोडतात आणि नर किंवा मादी होतात. त्यांना गॅमेटोसाइट म्हणतात, आणि माझं काम त्यांच्यावरच चालतं. ते माणसाच्या अंगात पुढे वाढत नाहीत, पेशी फोडत नाहीत, तापही आणत नाहीत. डासानं रक्ताबरोबर ओढून न्यावं एवढ्यासाठीच ते असतात. तेव्हा तुम्हाला बरं वाटतंय, यावरून ते गेले असं समजता येत नाही.

फाल्सिपेरमचे गॅमेटोसाइट पिकायला दहा-बारा दिवस लागतात. तोवर बरेचसे हाडांच्या मज्जेत दडून असतात, कारण कच्चेपणी त्यांची पेशी ताठर असते आणि रक्तात फिरली तर पाणथरी तिला अडवते. पिकल्यावर ती लवचीक होते आणि मग ते रक्तात उतरतात. काचपट्टीवर विळ्याच्या पात्यासारखे वाकडे दिसतात. म्हणजे तुमचा ताप ओसरायला आणि त्यांनी बाहेर यायला बहुधा एकच गाठ पडते. (व्हायवॅक्स मलेरियात तसं नाही, त्यात ते तापाच्या सुरुवातीलाच रक्तात असतात.)

तीन दिवसांच्या आर्टेसुनेटनं ताप आणणारे परजीवी मारले. पिकलेल्या गॅमेटोसाइटचं ते फारसं काही बिघडवत नाही. ते काही आठवडे रक्तात टिकू शकतात. प्रायमाक्विन त्यांच्यासाठीच असतं. खरं सांगायचं तर ती गोळी तुमच्यासाठी नाही, शेजारच्या पोरांसाठी आहे, आणि हे कुणी समजावून सांगत नाही म्हणूनच ती घरोघरी कोनाड्यात राहते.

पुढे डासाच्या पोटात काय होतं ते मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहते. आपल्या अंगातलं ऊबदार रक्त सोडून थंड जागी आल्याचं त्या नराला कळतं, शिवाय डासाच्या पोटातलं एक रसायन त्याला इशारा देतं. दहा-पंधरा मिनिटं काहीच दिसत नाही. मग पेशी थरथरते, फुटते आणि आठ बारीक दोरे चाबकासारखे फटकारे मारत बाहेर येतात, आजूबाजूच्या लाल पेशी ढकलल्या जातात. अल्जीरियात 1880 साली लाव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरनं सैनिकाच्या ताज्या रक्तात हेच दोरे पाहिले, आणि मलेरियाचा जीव त्याला सापडला. रक्ताचा थेंब काचेवर निवला होता, म्हणून नराला आपण डासात आलो असं वाटलं. तो दोरा मादीला मिळाला की डासाच्या पोटाच्या भिंतीत गाठ धरते. ती गाठ रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरनं ऑगस्ट 1897 मध्ये इथे सिकंदराबादलाच पाहिली. साधारण दहा ते चौदा दिवसांत गाठ फुटते, परजीवी डासाच्या लाळेत पोचतात आणि तो डास ज्याला चावेल त्याला मलेरिया.

आता कामाचं. आई, आशाताईंना बोलावून सांग, की त्या दिवशीची मात्रा राहून गेलीय, आता द्यायची का ते आरोग्य केंद्रात विचारा. स्वतःच्या मनानं गिळू नका. काहींच्या रक्तात एक एन्झाइम कमी असतो, त्यांच्या लाल पेशी या औषधानं फुटतात. घेतली तर जेवून घ्या, रिकाम्या पोटी मळमळतं. लघवी काळपट झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर लगेच केंद्र गाठा. आणि पट्टी पुन्हा पॉझिटिव्ह आली तर लगेच घाबरू नका. परजीवी मेला तरी त्याचं प्रथिन काही आठवडे रक्तात राहतं. ताप परत आला तर मात्र रक्ताची काचपट्टी करून घ्या.

बाबा, धानाच्या राखणीला जायचंच असेल तर मच्छरदाणी बाजेला बांधून जा. आपल्याकडचा मलेरियाचा डास रात्रीच चावतो. अंगणात उघड्यावर झोपणं महिनाभर तरी बंद. आई, तूही आत झोप, नाहीतर तुझ्यासाठी वेगळं पत्र येईल.

केंद्रातून काय सांगितलं ते कळवा.

तुमची,
छोटी