ताई, तो हिरवा कागद चालला

प्रिय ताई,

हे पत्र तुम्हाला आवडणार नाही, हे मला माहीत आहे. कुणी आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, चहा घेणार का?" म्हणून विषय बदलता. पण जर्मनीत राहणाऱ्या आपल्या कितीतरी लोकांना परवान्याच्या मुदतवाढीच्या याच रांगेतून जायचं आहे, म्हणून उघडच लिहितेय. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. लिहिलं तर रविवारी तुमच्या दाराशी फायली घेऊन रांग लागेल आणि काका मला घरात घेणार नाहीत.

माझं ब्लू कार्ड, म्हणजे इथे राहून नोकरी करण्याचा परवाना, खरं तर चार वर्षांचं व्हायचं. पण पासपोर्ट त्याआधी संपत होता, आणि पासपोर्टच्या पुढची तारीख कार्डावर देत नाहीत. नवा पासपोर्ट वकिलातीतून वेळेत आला. अडलं ते आमच्या शहरातल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात. टर्मीन, म्हणजे भेटीची वेळ, काही केल्या मिळेना. संकेतस्थळ उघडलं की एकच ओळ: सध्या एकही वेळ उपलब्ध नाही. ईमेल केला की आपोआप उत्तर यायचं, कृपया पुन्हा विचारणा करू नये, त्याने कामाला उशीर होतो. फोन कुणी उचलत नसे. ऑफिसातले म्हणायचे, "अगं, सगळ्यांचं असंच होतं, येईल कधीतरी." होत असेल सगळ्यांचं. पण सांगलीला आईच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि ती तारीख माझं कार्ड संपल्यानंतरची होती.

मंडळाच्या गणपतीत तुम्ही प्रसादाच्या टेबलामागे उभ्या होतात. खिरापत घेता घेता मी माझं रडगाणं सुरू केलं. तुम्ही विचारलंत, "अर्ज दिलास का?" म्हटलं, टर्मीनच मिळत नाही. "टर्मीनचं नाही विचारलं मी. अर्ज दिलास का?" आणि मागच्या माणसाला खिरापत वाढायला लागलात.

निवास कायद्याचं कलम ८१, पोटकलम ४ मी तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मुदत संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज कार्यालयात पोचलेला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असंच धरतात. नोकरीसकट. आणि अर्ज म्हणजे ठरावीक छापील नमुनाच हवा असं नाही, साधं पत्रही चालतं. फक्त ते पोचल्याचा पुरावा आपल्याकडे पाहिजे. टर्मीन कधी द्यायची हे त्यांच्या हातात, अर्ज कधी पोचवायचा हे आपल्या. आमच्या कंपनीच्या एचआरलाही हे धड सांगता आलं नव्हतं. तुम्ही ते एका हाताने द्रोण भरत सांगितलंत.

पुढचा रविवार तुमच्या जेवणाच्या टेबलावर गेला. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, आरोग्य विम्याचा दाखला, घरभाड्याचा करार, पत्त्याच्या नोंदणीचा कागद, दोन्ही पासपोर्टांच्या प्रती, आणि कंपनीने भरून द्यायचा तो नोकरीच्या तपशिलांचा फॉर्म. हा शेवटचा मी एचआरला ईमेलने पाठवून वाट बघत होते. "छापून ने, समोर ठेव आणि सही होईपर्यंत तिथेच उभी राहा," म्हणालात. मी स्टेपलर काढला तर हातातून काढून घेतलात. कागद स्कॅन होणार असतात, त्यांना पिना टोचायच्या नाहीत. इस्पितळाच्या बिलं करणाऱ्या खात्यात तुमची नोकरी झाली, ते तेव्हा अगदी दिसलं. तुम्ही इथे आलात तेव्हा परवान्याचा कागद पासपोर्टातच चिकटवून द्यायचे. हे प्लॅस्टिकचं कार्ड आलं २०११ साली. नियम तेव्हापासून कितीदा बदलले, पण कागद कसे लावायचे ते नाही बदललं, असं तुमचं म्हणणं.

पत्राचा मसुदा मी घरून करून आणला होता. आईचं आजारपण, आमची ओढाताण, "शक्य असल्यास", "आपला अमूल्य वेळ घेते आहे त्याबद्दल क्षमस्व". तुम्ही चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलंत आणि जवळजवळ सगळ्यावर काट मारलीत. "आईचं तिसऱ्या परिच्छेदात. पहिल्यात कलम, दुसऱ्यात तारखा." क्षमस्व तर कुठेच ठेवलं नाहीत. तीन महिने सबळ कारणाशिवाय निर्णय दिला नाही तर प्रशासकीय न्यायालयात जाता येतं, तेही लिहू का, असं मी जोरात येऊन विचारलं. "ते आत्ता नाही. लागलं तर पुढच्या पत्रात." एक प्रत नोंदणीकृत टपालाने गेली. दुसरी कार्यालयाच्या दारातल्या पेटीत टाकायला तुम्ही स्वतः आलात आणि टाकतानाचा फोटो काढायला लावलात. मला जरा लाजच वाटली, येणारे-जाणारे बघत होते.

मग बोलावणं आलं. काउंटरवरच्या मुलीने १३ युरो घेऊन हिरव्या कागदाची ती घडी हातात दिली, जिला आपण सगळे नुसतं "फिक्शन" म्हणतो: निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू धरल्याचा दाखला. मी ती पर्समध्ये टाकणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "थांब. उघड." आत चौकटी असतात आणि त्यातल्या एकीवर खूण. त्याच कलम ८१ च्या पोटकलम ३ च्या चौकटीवर खूण असेल तर इथे राहता येतं, पण देशाबाहेर गेलात तर त्या कागदावर परत येता येत नाही. पोटकलम ४ ची असेल तर जाता येतं आणि येताही येतं. माझ्या कागदावर खूण योग्य चौकटीतच होती. तरी तुम्ही बोट ठेवून ती ओळ वाचलीत, त्या मुलीला हसून "डांकं" म्हणालात आणि मगच उठलात.

या कार्यालयाबद्दल तुमचं-माझं पटत नाही, ते इथेही लिहून ठेवते. तुम्ही म्हणता, त्या मुलीच्या टेबलावर फायलींचा ढीग आहे, तिच्यावर काय चिडायचं? तिच्यावर नाही चिडत मी. पण दर महिन्याला कर आणि पेन्शनचे पैसे बिनबोभाट कापून घेणाऱ्या व्यवस्थेने आपल्याला एका रिकाम्या पडद्याकडे बघत बसवावं, याचा राग मला अजून आहे आणि राहील.

आईचं ऑपरेशन नीट झालं. परतताना मुंबई विमानतळावर चेक-इनच्या मुलाने पासपोर्ट चाळला, "मॅडम, व्हिसा?" मी संपलेलं कार्ड आणि हिरवा कागद पुढे केला. त्याने तो उलटा केला, सुलटा केला आणि सुपरवायझरला बोलावलं. रात्रीचा एक वाजला होता, तिकडे तुमची जेवणं चालली असतील. मी तुम्हाला फोन लावून तो कानाशी धरून उभी. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळं जवळ होतं: जुनं कार्ड, दोन्ही पासपोर्ट, या कागदाबद्दलच्या जर्मन सरकारच्या माहितीची इंग्रजी छापील प्रत. तिकीटही थेट फ्रँकफर्टचं, कारण "मधल्या देशातल्या माणसाला हा कागद समजावत बसू नकोस." सुपरवायझरने संगणकात काहीतरी शोधलं, कुणाला तरी फोन केला. या सगळ्या वेळात तुम्ही एकदाही "दे मला फोन, मी बोलते" म्हणाला नाहीत. मीच बोलले. कलम सांगितलं, चौकट दाखवली. बोर्डिंग पास मिळाला. फ्रँकफर्टला सीमा पोलिसाने कागद बघितला, "गुटन मॉर्गन" म्हणाला आणि पासपोर्ट परत दिला.

नंतर ह्यांचं आणि मुलाचं नूतनीकरण आलं तेव्हा मी तुम्हाला गृहीतच धरलं होतं. तुम्ही सरळ नाही म्हणालात. "आता तुला येतं." मला वाईट वाटलं, थोडा रागही आला, खोटं कशाला बोलू? फाइल मीच लावली. मुलगा सहा वर्षांच्या वरचा, म्हणून त्याचेही बोटांचे ठसे घेतले, आणि आपण कुणीतरी मोठे गुन्हेगार आहोत अशा आनंदात तो आठवडाभर शाळेत सांगत होता. माझ्या मुदतवाढीचे ९३ युरो भरले, कार्डं बर्लिनला छापून आली, सगळ्यांची झाली.

तुम्ही पैसे घेत नाही, भेटवस्तू परत पाठवता. दिवाळीत दिलेल्या चकल्यांचा डबा भरून परत आला, त्यात तुमच्या कडबोळ्या. तेव्हा निदान हे पत्र परत पाठवू नका.

आणि एक काम आहे. आमच्या ऑफिसात लातूरचा एक मुलगा आहे, त्याचं कार्ड मार्चमध्ये संपतंय. त्याने तुमचा नंबर मागितला, मी दिला नाही. आमच्याच टेबलावर बसून पत्र केलं, पहिल्या परिच्छेदात कलम, क्षमस्व कुठेही नाही. पण तो मध्येच नोकरी बदलतोय आणि कार्डाच्या जोडपत्रावर जुन्या कंपनीचं नाव आहे. आधी काय कळवायचं, बदल की मुदतवाढ, यात मी अडले आहे. रविवारी चारला त्याला घेऊन येऊ का? काकांना विचारून कळवा.

तुमची,
पलीकडच्या गल्लीतली