कोरड्या प्रदेशातील बाग म्हणजे केवळ खडी आणि निवडुंग नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाणीटंचाई जाणवू लागली, की कमी पाण्यावर जगणाऱ्या बागांविषयी वृत्तपत्रांतून लेख आणि छायाचित्रे येऊ लागतात, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु त्या छायाचित्रांत बहुधा एकच दृश्य असते: जमिनीवर प्लास्टिक, त्यावर पांढरी खडी आणि मधूनमधून लावलेले चार-सहा निवडुंग. अशा अंगणाला पाणी लागत नाही हे खरे. पण ते दिवसभर तापत राहते, प्लास्टिकखालच्या मातीतील जीवसृष्टी हळूहळू संपते आणि पाखरांना तिथे थांबण्याचे कारणच उरत नाही. कोरड्या प्रदेशातील निसर्ग इतका ओसाड कधीच नसतो; मग घराभोवतीची बाग तशी का असावी?

पाणी वाचवणाऱ्या बागेची शिस्तशीर पद्धत १९८१ साली अमेरिकेतील डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा विभागाने मांडली, तेव्हा तिच्यात मातीची सुधारणा, आच्छादन आणि योग्य झाडांची निवड या साऱ्यांचा समावेश होता. इंग्लंडमधील बेथ चॅटो यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या एसेक्स परगण्यात, गाड्या उभ्या करण्याच्या जुन्या जागेवर खडीची प्रसिद्ध बाग केली. तिथली खडी मातीतला ओलावा टिकवण्यासाठी आहे. तिच्याखालची दबलेली जमीन आधी खोलवर मोकळी करून तिच्यात कंपोस्ट मिसळण्यात आले होते आणि वर झाडांची भरगच्च लागवड होती. झाडे रुजल्यावर त्यांना वरून पाणी घालायचे नाही, हा नियम चॅटो यांनी कोरड्या उन्हाळ्यांतही पाळला.

आराखडा आखताना पावसाचे पाणी कोणत्या वाटेने वाहते ते आधी पाहावे, झाडांची यादी नंतर करावी. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे १,००० लिटर पाणी पडते. जिथे वर्षाचा पाऊस मोजक्या सरींतच उरकतो, तिथे हे पाणी गटारात जाऊ देणे परवडणारे नाही. पन्हळीचे पाणी घराच्या पायापासून दूर, उथळ खळग्यांकडे वळवावे. जास्त पाणी लागणारी झाडे खळग्यांच्या कडेने आणि काटक झुडपे उंचवट्यावर लावावीत. खळग्यातले पाणी एक-दोन दिवसांत मुरले पाहिजे, नाहीतर तिथे डास होतात. रोपे शक्यतो लहान घ्यावीत आणि पावसाच्या तोंडावर लावावीत. पहिली एक-दोन वर्षे त्यांना रोज शिंपडण्याऐवजी बऱ्याच दिवसांनी, पण खोलवर मुरेल असे पाणी द्यावे, म्हणजे मुळे ओलीच्या शोधात खाली जातात.

झाड निवडताना त्याच्यावर कोण जगते, याचा विचार सहसा होत नाही, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रुईचेच पाहा. तिच्या पानांवर एका नारिंगी फुलपाखराची मादी एकेक अंडे घालते. अंड्यातून निघालेली काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्यांची अळी आधी पानाची शीर कुरतडून त्यातला चीक वाहून जाऊ देते आणि मग निवांतपणे पान खाते. कुरतडलेल्या पानामुळे जो रुईच उपटतो, त्याच्या बागेत ते फुलपाखरू जन्माला येणार नाही. उलट घाणेरीसारखे झुडूप पाण्यावाचून तग धरते आणि फुलतेही, पण ते अनेक देशांत रानोमाळ पसरून स्थानिक वनस्पतींना हटवत आले आहे. तेव्हा केवळ काटकपणा हा निवडीचा निकष असू नये. दुहेरी पाकळ्यांची शोभिवंत फुलेही जपूनच लावावीत, कारण त्यांत बहुधा मध आणि पराग फारसे नसतात.

मधमाशी म्हटले की आपल्याला पोळे आठवते. परंतु मधमाश्यांच्या बहुसंख्य जाती एकेकट्या राहतात आणि जमिनीत बीळ करून अंडी घालतात. पालापाचोळ्याचे आच्छादन ५ ते ८ सेंटिमीटर जाडीचे, झाडाच्या बुंध्यापासून थोडे दूर असे जरूर पसरावे. पण उन्हातला एखादा मातीचा तुकडा मुद्दाम उघडा ठेवावा. वाळलेले पोकळ देठही लगेच कापू नयेत, कारण त्यांत काही जातींची पिल्ले वाढत असतात.

अशी बाग कोरड्या महिन्यांत तपकिरी पडते, गवत पिवळे होते, काही झुडपांची पाने झडतात. पाहुण्यांना ती मेल्यासारखी वाटते आणि घरचे लोक घाबरून नळी सुरू करतात. वास्तविक तो त्या झाडांचा विश्रांतीचा काळ असतो, आणि त्या काळातले भरमसाट पाणी काही जातींची मुळे कुजवते.

म्हणून आपणास विनंती आहे, की बागकामाच्या पुरवणीत एखाद्या झाडाची शिफारस करताना त्यावर कोणते कीटक आणि पक्षी पोसले जातात, हेही छापावे आणि बागांची छायाचित्रे ऐन कोरड्या महिन्यांतलीसुद्धा द्यावीत.

आपला,
एक नियमित वाचक