लेट्यूसची घाई करू नकोस

नागपूर,
५ ऑक्टोबर

प्रिय मिलिंद,

तुझी बियांची पाकिटं पोचली. प्रतापनगरच्या घरामागची जागाही परवा गाजरगवत उपटून साफ करून घेतली. पण बी मी एवढ्यात टाकणार नाही. काहून ते लिहूनच कळवतो, फोनवर तू ऐकून घेत नाहीस.

पुण्यात बसून तुला ऑक्टोबर म्हणजे हिवाळ्याची चाहूल वाटत असेल. इथे दुपारी अंग भाजतंय. माती तिशीच्या वर तापली की लेट्यूसचं बी उगवतच नाही, नुसतं पडून राहतं. फारच घाई असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून चार दिवस फ्रिजमध्ये ठेवायचं आणि मोड दिसले की सावलीत ट्रेमध्ये लावायचं. त्यापेक्षा दिवाळी होऊ दे. रात्री गार पडू लागल्या की हेच बी आठवड्यात वर येतं. थंडीची काळजी नको. डिसेंबर २०१८ मध्ये इथला पारा ३.५ अंशांवर गेला होता. हलका गारठा लेट्यूस सोसतं, ऊन मात्र त्याला सोसत नाही.

आपली माती काळी. पाणी धरून ठेवते, वाळली की वर खपली धरते आणि नाजूक कोंब खालीच अडकतो. म्हणून गादीवाफे करून घेतोय, त्यात चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू. माळीबुवा बी बोटभर खोल पुरायला निघाले होते, त्यांना थांबवलं. या बियांना उजेड लागतो. बारीक वाळूत मिसळून वरच भुरभुरायचं, हाताने दाबायचं आणि झारीने पाणी द्यायचं, बस.

आणि सगळं पाकीट एकदम रिकामं करायचं नाही, बरं का. दर पंधरा दिवसांनी एक ओळ. नाहीतर जानेवारीत शेजारीपाजारी वाटत फिरशील आणि फेब्रुवारीत विकत आणशील.

ते आइसबर्ग तर मी बाजूलाच ठेवलंय. गड्डा बांधायला त्याला लांब, सलग थंडी लागते. आपल्याकडे फेब्रुवारी सरता सरता ऊन चढतं, मधूनच दांडा निघतो, पानांतून पांढरा चीक येतो आणि चव कडू जहर. सुट्या पानांचं लेट्यूस लाव. बाहेरची पानं खुडत राहायची, आतून नवी येतात. ढगाळ हवेत मावा, म्हणजे बारीक रस शोषणारी कीड, पडतो, तेव्हा पानं उलटून बघत जा. कच्चं खायचं असल्याने मी निंबोळी अर्कापलीकडे काही फवारत नाही.

दोन वाफे मी माझ्या मर्जीने राखून ठेवलेत: मेथी, मुळा, सांभार (तुमची कोथिंबीर) आणि पातीचा कांदा. ही मंडळी लेट्यूससारखी नखरे करत नाहीत. तुमचं सॅलड होईल तेव्हा होईल, कोवळ्या मेथीचा घोळाणा, वर शेंगदाण्याचा कूट आणि कच्चं तेल, हे तर आलास की महिन्याभरात पानात पडेल. भाकरीची सोय वहिनींकडे.

येताना हिरवी शेडनेट आण, पन्नास टक्केवाली. जानेवारी संपला की लागेलच.

तुझा,
सुधीर