'क्लॉथ-इअर्ड' आणि मागावरचे कान

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

रविवारच्या पुरवणीत इंग्रजी शब्दांच्या सदरात 'क्लॉथ-इअर्ड' हे विशेषण आलं होतं, अर्थ दिलाय 'नीट न ऐकणारा, लक्ष न देणारा'. अर्थ बरोबरच आहे, ब्रिटिश लोक वैतागले की वापरतात, आपण 'कानात बोळे घातलेत का' म्हणतो तसंच, आणि लोकांचं न ऐकणाऱ्या साहेबाला किंवा सरकारलाही लावतात. पण इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांचा उल्लेख राहूनच गेला आणि मी यंत्रमागांच्या इचलकरंजीचा, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवेना.

तिथले विणकर, बाया काय नि पुरुष काय, मागांच्या आवाजाने बहिरे व्हायचे. विणाई खात्यात बोलायचं म्हणजे तोंडं मोठी हलवून, समोरच्याने ओठ बघून समजून घ्यायचं, त्याला 'मी-मॉइंग' असं नावच पडलं होतं. आता या शब्दाचा उगम काहीजण त्या बहिरेपणाशी जोडतात तर काहीजण कान झाकणाऱ्या टोपीशी, ते राहू दे, पण ज्याला खरंच ऐकू येत नाही त्याला 'लक्ष देत नाही' म्हणून बोलणं हे आमच्याकडे रोज चालतं.

माझे मामा आयुष्यभर धोट्याच्या (शटलच्या) मागावर होते. फोनवर 'साठ' म्हटलं की त्यांना 'आठ' ऐकू येतं. मामी म्हणते, हवं तेवढंच ऐकतात! तसं नाहीये हो ते. सततच्या आवाजाने कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात आणि आधी वरच्या पट्टीतला आवाज जातो, म्हणजे स, श, फ असली अक्षरं. माणसाला आवाज येतो पण शब्द कळत नाही, आणि घरच्यांना वाटतं हा मुद्दाम करतोय. गेलेल्या पेशी परत येत नाहीत.

आपल्याकडे कारखान्यांसाठी नियम 90 डेसिबलला 8 तासांचा, 100 डेसिबलला फक्त 2 तास. धोट्याच्या मागांच्या खात्यात आवाज सहज 100 च्या आसपास जातो आणि पाळी असते बारा तासांची. असा बहिरेपणा कायद्यातल्या नोंद करायच्या आजारांच्या यादीत आहे, पण चार-सहा मागांच्या छोट्या कारखान्यात ना नोंद ना तपासणी, फॅक्टरीचा कायदा तिथवर पोचतच नाही.

इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, सगळीकडे आरोग्य शिबिरं होतात, शुगर आणि बीपी बघतात, डोळे बघतात, तिथे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू किती येतं त्याची तपासणी, का नाही? नव्या शटललेस, म्हणजे बिनधोट्याच्या, मागांवरही कानाला त्रास होण्याइतका आवाज असतोच, तेव्हा कामाला लागतानाच पोरांचे कान तपासून घ्या, पुढे दरवर्षी तपासा, इअरप्लग मालकाने द्यावेत आणि कसे घालायचे तेही दाखवावं. आपल्या पेपरने हा विषय लावून धरावा एवढीच विनंती.

आपला,
एक वाचक, इचलकरंजी