डावी कटोरी

पुणे, 16 नोव्हेंबर 2025

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, डाव्या छातीतल्या इम्प्लांटला दहा वर्षं कधीच उलटली, बदलून टाक. नाहीतर काढूनच टाक, या वयात परत कशाला?" शेवटचं वाक्य मला लागलं. तेव्हा गप्प बसले, म्हणून आता लिहायला घेतलं.

आधी त्या दहा वर्षांचं. औषधाच्या पाकिटावर असते तशी तारीख इम्प्लांटवर नसते. ते जन्मभर पुरेल असं कोणी सांगत नाही, पण दहा वर्षं भरली म्हणून चांगलं असलेलं काढायचं, असंही नाही. कुणाचं लवकर फाटतं, कुणाचं वीस वर्षं नीट राहतं. मिठाच्या पाण्याचं असतं तर फुटल्यावर काही दिवसांत छाती बसली असती आणि कळलं असतं. माझं सिलिकॉन जेलचं. ते फाटलं तरी जेल बहुतेक वेळा शरीराने भोवती धरलेल्या पापुद्र्यातच राहतं, बाहेरून पत्ता लागत नाही. म्हणून एफडीएचा, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेचा, सल्ला आहे की पाच-सहा वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी.

इथे माझी चूक झाली. 2009 च्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर उजव्या बाजूची मॅमोग्राफी दर वर्षी केली, पण डावीकडे दुखत नाही म्हणून लक्षच दिलं नाही. 2019 साली अ‍ॅलर्गन कंपनीने खडबडीत पृष्ठभागाचे बायोसेल इम्प्लांट जगभरातून मागे घेतले, कारण त्यांच्याभोवती एका दुर्मिळ लिम्फोमाचा, म्हणजे एका प्रकारच्या कॅन्सरचा, धोका दिसला होता. तेव्हा कुठे घाबरून कपाटातून इम्प्लांटचं कार्ड शोधलं. माझं गुळगुळीत निघालं. पहिला एमआरआय केला तो तेव्हा. ते कार्ड आता माझ्या पासबुकांच्या पाकिटात आहे, तुला ठाऊक असू दे.

या वेळी फरक आधी लक्षात आला तो माझ्या नव्हे, ब्लाउज शिवणाऱ्या ताईंच्या. दिवाळीच्या ब्लाउजला टाचण्या लावता लावता त्या थांबल्या. "वहिनी, डावी कटोरी वर चढतेय. मागच्या वर्षीच्या मापावर बसत नाहीये." घरी येऊन आरशात पाहिलं. खरंच वर गेली होती, आणि हाताला कच्च्या पेरूसारखी टणक लागली. त्या कुशीवर झोपलं की मध्यरात्री जाग येत होती. ती मी महिनोन् महिने उशीच्या नावावर खपवली होती.

डॉक्टरांनी नीट समजावलं. परक्या वस्तूभोवती शरीर पापुद्रा धरतंच. माझ्या त्या बाजूला रेडिएशन झालेलं, म्हणून तो आवळत गेला. बेकरच्या मोजणीत त्याच्या चार पायऱ्या आहेत. तिसरीत टणकपणा येतो आणि आकार बिघडतो, चौथीत दुखायलाही लागतं. मी चौथीवर. फाटलंय का, तेही एमआरआयमध्ये पाहिलं. फाटलेलं आवरण आत दुमडून शेवयांसारखं दिसतं म्हणे. स्क्रीनवर माझ्याकडे तशा रेषा नव्हत्या. म्हणजे बघ, सोळा वर्षांचं झालं तरी इम्प्लांट शाबूत आहे. दुखत नसतं तर मी ते ठेवलं असतं आणि दोन वर्षांनी पुन्हा तपासलं असतं.

आता परत का घालायचं, ते. पोटाचा भाग घेऊन छाती करता येते, आणि रेडिएशन झालेल्या त्वचेला ते जास्त मानवतं, हे डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं. पण ते ऑपरेशन बरेच तास चालतं आणि माझी शुगर तुला माहीत आहे. नुसतं काढून सपाट राहायचं, हाही मार्ग आहे, आणि तो निवडणाऱ्या बायकांबद्दल मला आदर आहे. मी मात्र एक्केचाळिसाव्या वर्षी, केस गेलेले असताना, आरशात स्वतःला पुन्हा ओळखलं ते त्या डाव्या बाजूमुळे. सत्तावन्नाव्या वर्षी ती ओळख मला नकोशी झालेली नाही, मनू. नवीनही पुन्हा आवळू शकतं, हे ऐकून घेऊन मी हो म्हटलं आहे. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, तुला हवं ते कर.

आधी शुगर आटोक्यात आणायची, मग जानेवारीचा दुसरा आठवडा. पापुद्रा काढतील आणि त्याच वेळी नवीन बसवतील. ड्रेनची नळी काही दिवस राहील, त्यातलं पाणी रोज मोजून वहीत लिहावं लागेल. ते बाबांना जमणार नाही, तेव्हा तूच ये. येताना पुढून बटणं असलेले दोन सैल कुडते आण, हात वर करता येणार नाहीत.

तुझी,
आई