गुरुजी, आपण दहावे वचन गाळले नाही

आदरणीय गुरुजी,

प्रभूच्या नावाने सप्रेम सलाम.

माझे यजमान प्रभूकडे गेल्यानंतर मंडळीतील अनेकांचे आभार मी समक्ष भेटून मानले; आपल्यासमोर मात्र दर वेळी शब्द घशातच अडकले. म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि आपल्याबरोबर इतरांनीही ते वाचावे म्हणून उघडपणे लिहीत आहे.

आपण येऊ लागण्याआधी आमच्या घरात पुष्कळ भविष्यवाण्या होऊन गेल्या होत्या. बाहेरगावच्या एका उपदेशकांनी यांच्या डोक्यावर हात ठेवून, ईस्टरला हे स्वतःच्या पायांनी उपासनेला येतील असे देवाने आपल्याला दाखवले आहे, असे मोठ्या आवाजात जाहीर केले. ईस्टर आला तेव्हा यांना अंथरुणात कूसही बदलता येत नव्हती. ते उपदेशक पुन्हा फिरकले नाहीत. या घरात विश्वास कमी पडला, एवढा निरोप मात्र न चुकता पोहोचला. कर्करोगाने खंगलेल्या माणसाच्या उशाशी असा निरोप आणणाऱ्यांना क्षमा करता यावी, म्हणून मी अजून प्रार्थना करते.

येणारा प्रत्येक जण पवित्र शास्त्रातील यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या २९ व्या अध्यायातले ११ वे वचन ऐकवून जात असे: देवाचे संकल्प हिताचे आहेत, तो भावी सुस्थितीची आशा देतो. आपण त्याच्या आधीचे १० वे वचन वाचलेत. बाबेलच्या बंदिवासाची ७० वर्षे भरल्यावर परमेश्वर आपल्या लोकांना परत आणील, असे ते वचन आहे. इ. स. पू. ५९७ मध्ये यरुशलेमहून बाबेलला धरून नेलेल्यांना यिर्मयाने लिहिलेल्या पत्रातले हे वचन आहे; ते पत्र ज्यांनी ऐकले, त्यांच्यातील बहुतेकांना मायभूमी पुन्हा दिसणार नव्हती, आणि तरीही घरे बांधा, बागा लावा, त्या परक्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असे त्यांना सांगितले होते. हनन्या नावाच्या दुसऱ्या एका संदेष्ट्याने मंदिरात सर्वांसमोर दोनच वर्षांत सुटकेचा वायदा केला होता. त्यावर यिर्मया आधी ‘आमेन’ म्हणाला, परमेश्वर तसेच करो, असेही म्हणाला. तिथे आपण थांबलात आणि म्हणालात, “गोड बातमी त्यालाही हवी होती. पण देवाने दिली नव्हती, म्हणून त्याने ती आपल्या मनाने दिली नाही.” हे ऐकताना यांनी डोळे उघडून आपल्याकडे पाहिले, ते मला अजून दिसते.

नंतर आपण २० वा अध्यायही वाचलात, जो आजाऱ्याच्या घरी सहसा कोणी वाचत नाही. मार खाऊन खोड्यात रात्र काढलेला संदेष्टा तिथे देवाकडे कडकडून तक्रार करतो, आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, आणि बोलायचे नाही असे ठरवले तरी देवाचे वचन हाडांत कोंडलेल्या अग्नीसारखे होते, असे कबूल करतो. यांना सर्वांत मोठा दिलासा त्याच अध्यायाने दिला. आपले रात्रीचे कण्हणे म्हणजे अविश्वास नव्हे, हे त्यांना पटले. राजा यहोयाकीमाने चाकूने कापून शेगडीत जाळलेली आपल्या संदेशांची गुंडाळी यिर्मयाने आपला लेखक बारूख याच्याकडून पुन्हा लिहवून घेतली, उलट तिच्यात भरही घातली, हे ऐकून तर त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आले.

पण गुरुजी, माझ्या मनात सर्वांत खोल रुतले आहे ते वेगळेच. आपण दर संध्याकाळी खुर्ची उशाशी ओढून बसत होता, बायबल उघडून पानात बोट ठेवत होता आणि आधी विचारत होता, “आज वाचू का?” यांचा आवाज गेला होता. त्यांनी बोट उचलले तर आपण वाचत होता; नाही उचलले तर बायबल मिटून, काही न बोलता तसेच बसून राहत होता. इतरांनी त्यांच्यावर वचनांचा नुसता मारा केला होता. त्यांना विचारले फक्त आपण.

३८ व्या अध्यायात मल्कीयाच्या टाक्यातल्या चिखलात रुतलेल्या यिर्मयाला वर काढायला राजवाड्यातील एबद-मलेख हा कूश देशाचा सेवक निघाला, तेव्हा नुसता दोर नेऊन भागले असते. राजाची परवानगी मिळाली होती, माणसे सोबत होती, घाईही होती. तरी त्याने राजवाड्यातील भांडाराखालून जुन्या चिंध्या आणि जीर्ण कपडे शोधून आणले, खाली सोडले आणि दोर काचू नये म्हणून काखेत धरायला सांगितले. यिर्मयाला मारून टाका, असे राजाला सांगणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी युकाल आणि गदल्या यांच्या नावांचे मातीचे शिक्के २००५ आणि २००८ साली यरुशलेमच्या उत्खननात सापडले, असे मी वाचले. एबद-मलेखाच्या नावाचा शिक्का माझ्या वाचनात आलेला नाही. पण नगर पडेल तेव्हा तू वाचशील, हे वचन देवाने त्या परक्या माणसाला नाव घेऊन दिले. एवढ्या मोठ्या विनाशाच्या कथेत पवित्र शास्त्राने त्या चिंध्यांची नोंद ठेवली आहे. आपला “आज वाचू का?” हा प्रश्न मला त्या चिंध्यांसारखाच वाटतो.

आता एक विनंती. पावसाळ्यानंतर आमच्या घरची प्रार्थनासभा पुन्हा सुरू करण्याचा विचार आहे आणि मुलानेच यिर्मयाचे पुस्तक सुचवले आहे. आपण यावे आणि ते पहिल्या अध्यायापासून, एकही अध्याय न गाळता, आम्हाला वाचून दाखवावे.

आपली ऋणी,
मंडळीतील एक भगिनी